कणगीपासून सुरुवात : प्राचीन समाज आणि राज्यविचार यांवरच्या प्रश्नांची तयारी

"पाठ केलंय मॅडम, खरं प्रश्न फिरवून आला की काय सुचत नाही बघा."

बेळगावातल्या शहापुरात संध्याकाळी मी इतिहासाचा वर्ग घेते. दर वर्षी नवी मुलं आली की पहिल्या पंधरवड्यात हे वाक्य ऐकायला मिळतंच. बोलणारं कधी निपाणीकडचं असतं, कधी खानापूरच्या जंगलभागातलं, तर कधी पलीकडच्याच गल्लीतलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला इंग्रजी किंवा कन्नड आणि आता बीएला एकदम जगाचा इतिहास. गाईडात मेसोपोटेमिया एका प्रकरणात, प्लेटो दुसऱ्या, हॉब्ज भलत्याच तिसऱ्या. तिन्ही प्रकरणं वेगवेगळी पाठ करायची, आणि परीक्षेत प्रश्न येतो तो नेमका तिघांना जोडणारा.

माझंही असंच झालं होतं. पीयूसीच्या पहिल्या चाचणीत 'ओरिजिन ऑफ द स्टेट' असा प्रश्न होता. स्टेट म्हणजे राज्य एवढं मला ठाऊक होतं. आमच्या घरात राज्य या शब्दाचा अर्थ एकच होता, म्हणून मी १ नोव्हेंबर १९५६ची राज्यपुनर्रचना दोन पानं भरून लिहिली. उत्तरावर लाल रेघ आली. चूक कुठे झाली ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. तो प्रश्न माणसांच्या इतिहासात मुळात सत्ता कशी जन्माला आली याविषयी होता, हे कळायला वर्ष गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

पहिली पायरी : पुस्तकाआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे जा

आजी, आजोबा, शेजारचे काका, ज्यांनी खळं पाहिलंय असं कुणीही चालेल. त्यांना विचारा, सुगीत मळणी झाल्यावर धान्याची रास पडायची, ती कुणाकुणात वाटली जायची? आणि मापं घालायला कोण बसायचं?

खानापूर भागात भाताची रास, निपाणी-चिकोडीकडे ज्वारीची, उत्तर सगळीकडे साधारण सारखंच मिळेल. रास घरी जाण्याआधी नांगर करणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, मडकी देणारा कुंभार, न्हावी, परीट, देवळाचा गुरव हे आपापलं बलुतं घेऊन जात. जमीन दुसऱ्याची असेल तर खंड जाई. सरकारचा सारा वेगळा. राहिलेलं कणगीत भरायचं, किंवा अथणी-गोकाकाकडच्या कोरड्या मुलखात पेवात उतरवायचं. त्या पेवाला तिकडे कन्नडमध्ये हगेवु म्हणतात.

आता राशीभोवतीची माणसं डोळ्यांपुढे आणा. एकाने पिकवलं आहे. एकाने पिकवलं नाही, पण त्याच्या हातच्या अवजाराशिवाय पिकलं नसतं. एकाची जमीन आहे. एक देवाच्या नावाने वाटा घेतो. आणि एकजण पायली हातात धरून मोजतो आहे. मेसोपोटेमियातलं उरुक, इजिप्तमधलं मेम्फिस, चीनमधलं अन्यांग ही नावं लांबची वाटली तरी तिथल्या समाजाचा सांगाडा असाच आहे.

यातून दोन प्रश्न घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. धान्य कोण मोजतं? आणि मोजणाऱ्याचं बाकीचे का ऐकतात?

प्राचीन समाजांवरचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न पहिल्यातून निघतो आणि राज्यविचारांवरचा दुसऱ्यातून. गाईडाने ती दोन प्रकरणं केली आहेत, पण विचारवंत त्या राशीकडे बघूनच बोलत होते. हे एकदा मनात बसलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

इथे एक सावधगिरी. 'शेती आली, वरकड धान्य उरलं, म्हणून राजा आला' असं सरळ सूत्र बहुतेक मुलं लिहितात. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने मांडलेल्या 'नवाश्मयुगीन क्रांती' (शेतीची सुरुवात) आणि 'नागरी क्रांती' (शहरांचा उदय) या कल्पना वापरायला हरकत नाही, त्या वापरायलाच हव्यात. पण त्यांच्याशेजारी तुर्कस्तानातलं चाताल्होयुक ठेवा. इ.स.पू. ७१०० ते ६००० या सुमारास तिथे हजारो माणसं शेती करून दाटीवाटीने राहत होती. घरं एकमेकांना चिकटलेली, मधे रस्ते नाहीत, आत उतरायचं ते धाब्यावरून. आणि राजवाडा म्हणावा असं एकही बांधकाम तिथे सापडलेलं नाही. म्हणजे धान्य साठलं की राजा येतोच असं नाही. त्याच देशात ग्योबेक्ली तेपे इथे त्याहूनही जुने, इ.स.पू. ९५००च्या आसपासचे कोरीव दगडी खांब उभे आहेत, आणि ते उभारणारे लोक शिकार करून व रानातलं वेचून जगणारे होते. ही दोन नावं योग्य जागी आली तर तुम्ही विचार करून लिहिलंय हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरी पायरी : तीन रकान्यांची वही

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आपल्या भागातल्या मुलांची खरी अडचण इथे आहे. बुद्धीची अडचण नसतेच. एकच कल्पना आपल्याकडे तीन भाषांतून येते आणि कधी कधी तोच शब्द दोन भाषांत निरनिराळं बोलतो.

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने करा, मराठी, कन्नड, इंग्रजी. खाली दोन ओळी मोकळ्या सोडा आणि तिथे अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा. गाईडातली व्याख्या तिथे उतरवू नका.

पहिला शब्द घ्या 'सिव्हिलायझेशन'. मराठीत आपण सिंधू संस्कृती म्हणतो. कन्नड पुस्तकात तिथे 'नागरिकते' असतं, आणि 'संस्कृति' हा शब्द तिथे 'कल्चर'साठी राखलेला असतो. मराठी डोळ्याला 'नागरिकते' दिसलं की नागरिकत्व वाटतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने सिंधू 'नागरिकते'वरच्या प्रश्नाला मतदानाच्या हक्कापासून सुरुवात केली होती. नागरिकत्वाला कन्नडमध्ये 'पौरत्व' म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच पानावर एकाखाली एक लिहून ठेवा.

लोकशाहीला कन्नडमध्ये 'प्रजाप्रभुत्व'. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात प्रजा आणि प्रभू समोरासमोर उभे आहेत. सामाजिक कराराला 'सामाजिक ओप्पंद'. कराला 'तेरिगे', मालमत्तेला 'आस्ति', वरकडीला 'हेच्चुवरि'. सार्वभौमत्व मात्र दोन्हीकडे सार्वभौमत्वच.

आणि 'स्टेट'. याला एक पूर्ण पान द्या. राज्यशास्त्रात स्टेट म्हणजे ठरावीक भूभाग, त्यावरचे लोक, शासन आणि सार्वभौम सत्ता यांची एकत्रित व्यवस्था. रोजच्या बोलण्यात राज्य म्हणजे कर्नाटक किंवा महाराष्ट्र. आपण सीमाभागातली माणसं असल्यामुळे दुसरा अर्थ आपल्या मनात आधी येतो. १९५६ची पुनर्रचना, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे आपण जेवताना ऐकत वाढलो. ती भावना खोटी नाही, तिचा उपयोगही आहे, आणि तो पुढे सम्मतीच्या विचारापाशी येतो. पण पेपरात 'स्टेट' दिसलं की आधी पहिला अर्थ लावून बघा. तो बसला नाही तरच दुसऱ्याकडे वळा.

रोज तीन शब्द लिहिले तर दोन महिन्यांत दीडशेच्या पुढे जाल. एवढे पुरतात.

तिसरी पायरी : एका समाजाला एकच वस्तू

प्रत्येक प्राचीन समाजासाठी एक वस्तू निवडा. फक्त एक. तिचं चित्र वहीत चिकटवा आणि त्या वस्तूला आपले दोन प्रश्न विचारा.

उरुकसाठी मातीची पाटी घ्या. सुमारे इ.स.पू. ३२०० मधल्या या पाट्या जगातल्या सर्वांत जुन्या लिखाणापैकी आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य पाट्यांवर काव्यही नाही, प्रार्थनाही नाही. किती बार्ली आली, किती मेंढ्या गेल्या, मजुरांना किती धान्य आणि किती बिअर द्यायची, याचे हिशेब आहेत. लिपी तिथे मापाच्या गरजेतून वाढली. धान्य कोण मोजतं याचं उत्तर एवढं उघड दुसरीकडे कुठे मिळत नाही. कोठारावरचा लेखनिक मोजतो, मंदिराच्या आणि राजाच्या वतीने.

बाबिलोनसाठी हम्मुराबीचा शिलास्तंभ. यावर मात्र थांबा, कारण प्रश्न हटकून येतो आणि उत्तरं हटकून उथळ असतात. सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा हा काळा दगड १९०१ साली इराणमधल्या सुसा इथे सापडला. शेजारच्या एलाम राज्याच्या राजाने तो लुटून तिथे नेला होता. आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वरच्या भागात सूर्यदेव शमश राजाला सत्तेची चिन्हं देतो आहे, खाली इ.स.पू. १७९२ ते १७५० या काळात राज्य करणाऱ्या हम्मुराबीचे कायदे कोरले आहेत. अभ्यासकांनी ते २८२ कलमांत मांडले.

मुलं 'डोळ्याला डोळा' लिहून पुढे जातात. पुढे जाऊ नका. कलम १९६ ते १९९ एकत्र वाचा. वरच्या थरातल्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मीना (तिथलं वजनाचं माप) चांदी. कुणाच्या गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम. एकाच डोळ्याचे तीन भाव आहेत, आणि समाजाची उतरंड त्यात स्पष्ट दिसते. प्रस्तावनेत राजा सांगतो की बलवानाने दुबळ्याला छळू नये म्हणून हे कायदे आहेत. कायदा दुबळ्याला आधारही देतो आणि त्याची पायरीही कायम करतो, हे दोन्ही उत्तरात यायला हवं.

मग कलम ५३ आणि ५४. पाटाचा बांध नीट न राखल्याने तो फुटला आणि शेजाऱ्याचं पीक बुडालं, तर ज्याच्या हयगयीने फुटला त्याने धान्य भरून द्यायचं. देता आलं नाही तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकून ते पैसे नुकसान झालेल्यांत वाटायचे. कलम ४८ म्हणतं, पुराने किंवा दुष्काळाने पीक गेलं तर त्या वर्षी कर्जदाराने व्याज देऊ नये. कृष्णाकाठच्या चिकोडी-अथणीतल्या मुलांना मी ही कलमं मोठ्याने वाचायला लावते. २०१९च्या पुरात त्यांच्यातल्या काहींच्या घरात पाणी शिरलं होतं. ती वाचताना पावणेचार हजार वर्षांचं अंतर त्यांना फारसं जाणवत नाही.

आणि हम्मुराबीची संहिता 'जगातली पहिली' असं लिहू नका. ऊर-नम्मूची संहिता तिच्याहून सुमारे तीनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्यात शारीरिक इजेला बहुतांशी दंडाची शिक्षा आहे. म्हणजे सूड आधी आणि दंड नंतर असा सरळ विकासही झालेला नाही.

इजिप्तसाठी नार्मर राजाची दगडी पाटी, सुमारे इ.स.पू. ३१००. एका बाजूला राजाच्या डोक्यावर दक्षिणेचा मुकुट, दुसऱ्या बाजूला उत्तरेचा. सोबत 'मात' हा शब्द लक्षात ठेवा. सत्य, न्याय आणि सृष्टीचा क्रम यांना मिळून तो एक शब्द आहे, आणि तो सांभाळणं हे फेरोचं, म्हणजे इजिप्तच्या राजाचं, काम.

चीनसाठी शांग घराण्याच्या काळातली भाकिताची हाडं. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाचं कवच तापवून त्याला पडलेल्या भेगांवरून पाऊस, पीक, लढाई यांचं भाकीत राजाच्या दरबारात केलं जाई. शेताला लागणाऱ्या पावसाबद्दल पूर्वजांशी बोलणं राजाच्या दरबाराने आपल्या हातात ठेवलं होतं. पुढे सुमारे इ.स.पू. १०४६ मध्ये झोऊ घराण्याने शांगांना हरवलं, आणि आपण राज्य का घेतलं हे सांगण्यासाठी 'स्वर्गाचा आदेश' ही कल्पना मांडली. वाईट वागणाऱ्या राजाकडून स्वर्ग आदेश काढून घेतो. दुसऱ्या प्रश्नाला मिळालेलं हे फार प्रभावी उत्तर आहे. सत्ताधाऱ्याला ते आधार देतं आणि बंडखोरालाही.

सिंधू संस्कृतीसाठी चर्ट या कठीण दगडाचं घनाकार वजन. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा पटीत ती वाढतात आणि १६ पटीचं वजन साधारण १३.६ ग्रॅम भरतं. मोहेंजोदडोपासून लोथलपर्यंत तेच माप. मोजणारा होता, हे नक्की. पण तो कोण होता? लिपी वाचता आलेली नाही, खात्रीने राजवाडा म्हणावी अशी इमारत नाही, राजाची थडगी नाहीत. साडेसतरा सेंटिमीटरच्या त्या प्रसिद्ध पुतळ्याला 'पुरोहित राजा' हे नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलं, हडप्पाच्या लोकांनी नव्हे. म्हणून 'सिंधू संस्कृतीत पुरोहित राजे राज्य करत' असं वाक्य लिहू नका. 'मापांच्या एकसारखेपणावरून कुठलीतरी नियमन करणारी व्यवस्था दिसते, तिचं स्वरूप मात्र ठरवता येत नाही' असं लिहा.

चौथी पायरी : विचारवंताआधी त्याचं संकट

विचारवंताचं नाव आलं की त्याच्या मतांची यादी करायची सवय सोडा. तो जगत असताना काय कोसळत होतं ते आधी एका ओळीत लिहा. मतं त्या ओळीतून आपोआप येतात.

प्लेटोच्या डोळ्यांसमोर अथेन्स स्पार्टाकडून इ.स.पू. ४०४ मध्ये हरलं आणि ३९९ मध्ये त्याच अथेन्सच्या नागरिकांनी मतदान करून त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, मृत्युदंड दिला. लोकांच्या बहुमताबद्दल या माणसाला भरवसा का वाटला नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्ञानी लोकांनी राज्य करावं, सैनिकांनी रक्षण करावं, बाकीच्यांनी पिकवावं आणि घडवावं, ही त्याची मांडणी त्या जखमेतून आलेली आहे.

ॲरिस्टॉटलचा स्वभाव निराळा. त्याच्या संप्रदायाने १५८ ठिकाणच्या राज्यव्यवस्थांची माहिती जमवल्याचं परंपरा सांगते. राज्य किती जण करतात आणि कुणाच्या हितासाठी करतात या दोन कसोट्यांवर त्याने सहा प्रकार केले. एकाचं चांगलं राज्य राजतंत्र, बिघडलं की जुलूमशाही. थोड्यांचं अभिजनतंत्र, बिघडलं की धनिकांची सत्ता. अनेकांचं चांगलं राज्य 'पॉलिटी', आणि बिघडलं की? डेमोक्रसी. हो, त्याच्या यादीत डेमोक्रसी बिघडलेल्या बाजूला आहे, कारण गरिबांनी फक्त गरिबांसाठी चालवलेलं राज्य असा त्याचा अर्थ होता. आपल्या आजच्या लोकशाहीशी त्याची गल्लत केली की सगळं उत्तर वाकडं होतं.

कन्फ्यूशियसच्या काळी, इ.स.पू. ५५१ ते ४७९, झोऊंची सत्ता नावापुरती उरली होती आणि सरदार एकमेकांवर उठले होते. म्हणून त्याचा भर नात्यांवर आणि वागण्याच्या रीतीवर. त्याच्याच परंपरेतला मेन्शियस तर लोकांना सगळ्यात वर ठेवतो, त्यानंतर भूमी आणि धान्याच्या देवतांना, आणि राजाला शेवटी. धान्याच्या देवता मधे आल्या आहेत, हे माझ्या मुलांना लगेच दिसतं.

उत्तर आफ्रिकेत मोठमोठी घराणी तीन-चार पिढ्यांत कोसळताना पाहिलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'असबिया' म्हणजे टोळीची एकजूट हे सत्तेचं मूळ मानलं. शहरातल्या सुखात ती सैल होते आणि वाळवंटातली नवी एकजूट तिची जागा घेते.

इंग्रज विचारवंत हॉब्जचं पुस्तक १६५१चं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी इंग्लंडने आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता आणि यादवी युद्धाने देश पोळला होता. सत्ता नसेल तर प्रत्येकजण प्रत्येकाचा वैरी, हे त्याला कल्पना करून लिहावं लागलं नाही.

कौटिल्याबद्दल आपल्या कर्नाटकाशी जोडलेली एक गोष्ट. अर्थशास्त्राची पोथी शतकानुशतकं हरवल्यासारखी होती. १९०५ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामाशास्त्री यांच्या हाती ती आली, १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि १९१५ मध्ये इंग्रजीत आणली. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र ही राज्याची सात अंगं पाठ हवीतच. ग्रंथाच्या काळाबद्दल मात्र मतभेद आहेत. परंपरेने तो चंद्रगुप्त मौर्याच्या मंत्र्याचा, तर अनेक अभ्यासक आजचं रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं मानतात. दोन्ही मतं एका वाक्यात नोंदवा आणि पुढे जा. 'दुर्ग' समजावताना मी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण काढते. दोन ग्रंथांत कित्येक शतकांचं अंतर असूनही किल्ल्याला दिलेलं महत्त्व तसंच आहे.

पाचवी पायरी : तुलनेचं उत्तर, करून दाखवलेलं

प्रश्न असा समजा : 'राज्याच्या उत्पत्तीविषयीच्या प्राचीन भारतीय आणि आधुनिक युरोपीय विचारांची तुलना करा.' बहुतेक मुलं अर्धं उत्तर भारताला, अर्धं युरोपाला देतात आणि शेवटी 'अशा प्रकारे दोन्हींत साम्य व भेद आहेत' लिहून कागद देतात. ही तुलना झाली नाही, दोन टिपा झाल्या.

मी राशीपासून सुरुवात करायला सांगते. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं अग्गञ्ञ सुत्त घ्या. त्यात आधी तांदूळ आपोआप उगवतो, लोक सकाळी सकाळपुरता आणि संध्याकाळी संध्याकाळपुरता आणतात. मग एकाला आळस येतो, तो दोन्ही वेळचा एकदम आणतो. बघून दुसरा दोन दिवसांचा आणतो. साठवण सुरू होते, तांदूळ पूर्वीसारखा उगवेनासा होतो, शेतांना हद्दी पडतात, चोरी होते, मारामारी होते. शेवटी लोक एकत्र येऊन आपल्यातल्याच एकाला निवडतात. दोषी असेल त्याला त्याने शिक्षा करावी आणि त्याबद्दल आपल्या तांदळातला वाटा घ्यावा. तो महासम्मत. नावातच सम्मती आहे.

त्याच्याशेजारी अर्थशास्त्रातली कथा. मोठा मासा छोट्याला गिळतो तसा मत्स्यन्याय माजला, तेव्हा लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला ठरवून दिला.

आता युरोप. मत्स्यन्यायाशेजारी हॉब्ज ठेवा. भीती तीच आहे. पण हॉब्जचे लोक एकदा सत्ता दिली की ती मागे घेऊ शकत नाहीत. महासम्मताशेजारी इंग्रज विचारवंत लॉक ठेवा, १६८९. तो म्हणतो की माणसाने श्रम केले की वस्तू त्याची होते, मात्र सडण्याआधी वापरता येईल एवढंच त्याने घ्यावं. पैसा आला आणि ही मर्यादा मोडली, कारण पैसा सडत नाही. आळशी माणसाने दोन वेळचा तांदूळ आणला ती जागा आणि ही जागा अगदी जवळ आहे. रूसो १७५५च्या निबंधात त्याच जागेवर कुंपण घालतो. जमिनीला पहिली कड घालून 'ही माझी' म्हणणारा आणि ते खरं मानणारे भोळे लोक, तिथून विषमता सुरू झाली असं तो सांगतो.

भेद कुठे? सुत्ताचा रोख वर्णांचा जन्माधारित अहंकार खोडण्याकडे आहे, कौटिल्याची कथा राजाचे हेर लोकांत बोलून दाखवतात ती कर पटवून देण्यासाठी, आणि लॉकला विश्वास मोडणाऱ्या राजाला दूर करण्याचा लोकांचा हक्क सिद्ध करायचा आहे. गोष्टीचा आकार एक असला तरी ती सांगण्याचं कारण प्रत्येकाचं निराळं आहे. या भेदावर उत्तर संपवा.

सम्मतीचा विचार इथे आला की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, "मग आमच्या गावांची सम्मती कुणी घेतली होती, मॅडम?" मी तो प्रश्न टाळत नाही. सम्मती म्हणजे काय, ती एकदा दिली की कायमची का, एका पिढीने दिली तर पुढच्या पिढीला बांधते का, हे लॉक वाचताना आपल्या मुलांना जितकं आतून कळतं तितकं फार थोड्यांना कळत असेल. त्यावर घरी वहीत पानं भरून लिहा. परीक्षेच्या उत्तरात मात्र विचारलेल्या काळातच राहा.

सहावी पायरी : क्रियापद आणि घड्याळ

हे थोडक्यात. 'टीप लिहा' म्हणजे माहिती. 'कारणे द्या' म्हणजे प्रत्येक परिच्छेदाला एक कारण. 'चर्चा करा' किंवा 'डिस्कस' म्हणजे दोन बाजू. 'चिकित्सक परीक्षण करा' म्हणजे मत मांडून त्याची कमजोर जागाही दाखवा. प्रश्नपत्रिकेवर आधी क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ ओढा. दहा गुणांच्या उत्तराला मी वीस मिनिटं धरते, त्यातली पहिली तीन कच्चा आराखडा काढण्यात.

नेहमी होणाऱ्या काही चुका

इ.स.पू.ची वर्षं उलटी उतरतात. अथेन्सच्या सुधारकांपैकी इ.स.पू. ५९४ मधला सोलोन हा इ.स.पू. ५०८ मधल्या क्लेइस्थेनिसच्या आधीचा. इ.स.पू. पाचवं शतक म्हणजे ५०० ते ४०१. शून्य वर्ष नाही, त्यामुळे इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० हे अंतर ९९९ वर्षांचं.

अथेन्सला नुसतं 'लोकशाहीचं माहेरघर' म्हणून सोडू नका. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक सभेत नव्हते. सोलोनने शेतकऱ्यांची कर्जं माफ केली आणि कर्जापायी गुलाम होणं बंद केलं, हे मात्र आवर्जून लिहा. नागरिक कोण, हा वादही तिथे कर्जाच्या धान्यापासूनच सुरू झाला होता.

मॉन्टेस्क्यूच्या सत्ताविभाजनाचं साल १७४८, रूसोच्या सामाजिक कराराचं १७६२. ही दोन सालं मुलं नेहमी उलटी लिहितात.

सातवी पायरी : एक रविवार हलशीला

खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे कदंबांच्या काळातली पलाशिका. बसने नंदगडावरून जाता येतं. भूवराह नरसिंहाचं देऊळ बघाच, पण मी मुलांना तिथे नेते ती ताम्रपटांसाठी. हलशीत एकोणिसाव्या शतकात कदंब राजांचे ताम्रपट सापडले. त्यांत जैन संस्थांना जमिनी आणि उत्पन्न दिल्याच्या नोंदी आहेत. पट तिथे ठेवलेले नाहीत, पण त्या गावात उभं राहून त्यांचं वाचन केलं की दोन प्रश्नांची उत्तरं पायाखाली असल्यासारखी वाटतात. शेताचं उत्पन्न कुणाकडे जायचं हे राजा तांब्यावर कोरून देतो. आणि पुढचा राजा ते का पाळेल? अशा ताम्रपटांच्या शेवटी बहुधा शापवचन असतं की दिलेली जमीन हिरावून घेणारा साठ हजार वर्षं नरकात पडेल. जिथे आपण आज पोलीस आणि कोर्ट म्हणू तिथे त्या काळी शाप उभा होता.

हलशी जमली नाही तर बेळगावातच वडगाव-माधवपूरचा परिसर आहे. तिथल्या उत्खननात सातवाहनकाळच्या वसाहतीचे अवशेष मिळाले. आज त्या भागात विणकरांची आणि शेतकऱ्यांची घरं आहेत, आणि माझ्या वर्गातली काही मुलं तिथलीच. आपल्या अंगणाखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे हे कळल्यावर एकीने घरी जाऊन आजोबांना विचारलं, जुनी विहीर खणताना काय काय लागलं होतं. अशी चौकशी करा, लिहून ठेवा, पण काही सापडलं तर ते उचलू नका. जागेवरच राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

या आठवड्याचे प्रश्न

यातला एक प्रश्न रोज सोडवा, वही झाकून, घड्याळ लावून. उत्तर झालं की शेजाऱ्याशी बदलून तपासा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर लिहा, यात धान्य कोण मोजतंय ते आलं का.

हम्मुराबीच्या संहितेवरून बाबिलोनच्या समाजाची रचना स्पष्ट करा. लेखनकलेचा उदय आणि राज्यसंस्था यांचा संबंध उरुकच्या आधारे सांगा. सिंधू संस्कृतीत राजसत्ता होती का, चिकित्सक परीक्षण करा. 'स्वर्गाचा आदेश' आणि लॉकचा प्रतिकाराचा हक्क यांची तुलना करा. ॲरिस्टॉटलचं राज्यांचं वर्गीकरण सांगून त्यातल्या डेमोक्रसीचा अर्थ विशद करा. सप्तांग सिद्धांतात कोशाचं स्थान काय?

सातवा प्रश्न कुठल्याही पेपरात येणार नाही, तरी लिहा. तुमच्या गावात पन्नास वर्षांपूर्वी खळ्यावर माप कुणाच्या हातात होतं, आणि ते त्याच्याच हातात का होतं? पहिल्या पायरीला आजीने सांगितलेलं तोवर वहीत असेलच.